मलिक अंबर : शिपाई आणि मुत्सद्दी

परंड्याच्या किल्ल्यापासून दौलताबादपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती बालाघाटाचे डोंगर ओलांडून सिंदफणेच्या खोऱ्यात उतरते, शिरूर कासार ह्या गावाच्या आसपासून जाते आणि पुढे पैठणच्या अंगाने गोदावरी पार करते. महाराष्ट्रात शिरूर नावाची गावे पुष्कळ. घोडनदीचे शिरूर वेगळे, लातूरकडील वेगळे. म्हणून बीड जिल्ह्यातील हे गाव ‘कासार’ ह्या उपपदाने ओळखले जाते. ह्या रेघेच्या दक्षिण टोकाशी, म्हणजे परंड्यास, इ. स. १६०० मध्ये एका मोडलेल्या राज्याची पुन्हा मांडणी झाली, आणि उत्तर टोकाशी, दौलताबाद व खडकी येथे, तेच राज्य पुढे सव्वीस वर्षे दिल्लीच्या पातशाहीस पुरून उरले. हे सर्व ज्या एका माणसाच्या हिमतीवर झाले तो ना मराठा, ना दक्षिणी, ना इराणी. तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला हबशी होता.

मराठी वाचकांस मलिक अंबर हे नाव अपरिचित नाही. परंतु ते कसे परिचित आहे ते पाहावे. आमच्या इतिहासग्रंथांत मलिक अंबर येतो तो ‘पूर्वपीठिका’ ह्या प्रकरणात. शहाजीराजांनी गनिमी कावा कोणापासून घेतला, हे सांगण्यापुरती दोन पाने त्याच्या वाट्यास येतात व ग्रंथकार लगबगीने शिवनेरीकडे वळतो. फारसी तवारिखांत तो येतो तो बंडखोर म्हणून. जहांगीर बादशहास तर आपल्या आत्मचरित्रात त्याच्या वर्णावरून हिणवणारी विशेषणे जोडल्यावाचून त्याचे नाव घेववत नाही. एका पक्षाने त्यास दुसऱ्याच्या कथेचा उपोद्घात केले, दुसऱ्याने शिवी केली. त्याचे स्वतःचे चरित्र म्हणून ते वाचण्याची तसदी थोड्यांनीच घेतली.

त्याचा जन्म अबिसिनियात, हरारच्या मुलुखाकडे, इ. स. १५४८ च्या सुमारास झाला. मूळचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला आणि तांबड्या समुद्रावरील मोखा, तेथून बगदाद, असा हातोहात विकला गेला. बगदादच्या मीर कासीम नावाच्या धन्याने त्यास मुसलमान केले, शिकविले आणि अंबर हे नाव दिले. हिंदुस्थानात तो निजामशाहीचा पेशवा चंगीझखान ह्याच्याकडे आला. चंगीझखान स्वतः हबशी, एके काळचा गुलाम, आणि आता अहमदनगरच्या दरबारातील पहिल्या प्रतीचा पुरुष. येथे ‘गुलाम’ ह्या शब्दाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. उसाच्या वा कापसाच्या मळ्यात चाबकाखाली राबणारा अमेरिकेतील गुलाम डोळ्यांपुढे आणून हा इतिहास वाचता येत नाही. पश्चिम आशियात व दक्षिणेत लष्करी गुलाम हा एक पेशाच होता. घर, कुळ व भाऊबंदकी नसलेला माणूस धन्याशी एकनिष्ठ राहील, ह्या हिशेबाने त्यास विकत घेत, शस्त्रविद्या व कारभार शिकवीत, आणि पुढे बहुधा मोकळाही करीत. म्हणून ती स्थिती सुखाची होती असे आम्ही म्हणत नाही. आईबापांपासून तोडलेल्या पोराची किंमत बाजारात ठरते, तेथे सुखाची भाषा बोलू नये. परंतु त्या वाटेने माणूस राज्याच्या शिखरापर्यंत जाऊ शके, हेही तितकेच खरे.

चंगीझखानाच्या हाताखाली अंबराने जे पाहिले ते त्याच्या पुढील आयुष्यास पुरले. पेशवा म्हणजे काय, विलायती व दक्षिणी सरदारांची तेढ कशी सांभाळावी, आणि राजाचा संशय एकदा जागा झाला म्हणजे एकनिष्ठ सेवकाचीही कशी वाट लागते, हे सर्व त्यात आले. कारण इ. स. १५७५ च्या सुमारास ह्याच चंगीझखानाचा अंत मुर्तजा निजामशहाच्या संशयामुळे विषप्रयोगाने झाला. धन्याच्या विधवेने अंबरास मोकळे केले. त्यानंतर वीस वर्षे तो एक साधा भाडोत्री शिपाई होता. काही काळ विजापुरास राहिला. तेथेच त्यास ‘मलिक’ हा किताब मिळाला, असे सांगतात. १५९५ च्या सुमारास तो परत निजामशाहीत आला तेव्हा त्याचे वय पन्नाशीकडे झुकलेले आणि हाताखाली दीडशे स्वार. ज्या वयात आमच्यासारखी माणसे निवृत्तिवेतनाचा हिशेब करू लागतात, त्या वयापर्यंत ह्या पुरुषाने इतिहासात नोंद व्हावी असे काहीच केलेले नव्हते!

परंतु काळ त्याला अनुकूल होत होता. अर्थात राज्याच्या दृष्टीने तो अत्यंत प्रतिकूल होता. १५९५–९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरास (आताच्या अहिल्यानगरास) वेढा घातला. चांदबिबीने शहर राखले, पण वऱ्हाड द्यावे लागले. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. चांदबिबी फितूर झाली अशा वहिमाने तिच्याच लोकांनी तिला ठार मारले, ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला, आणि बाल राजा बहादूर निजामशहा ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत गेला. राजधानी गेली, राजा गेला, खजिना गेला. अकबराच्या दप्तरात निजामशाही संपली.

ती संपली नाही ह्याचे कारण असे की, मोगलांच्या हाती शहर आले होते, मुलूख आला नव्हता. मलिक अंबराने शाह अली नावाच्या निजामशाही वंशजाचा पुत्र शोधून आणला, त्यास मुर्तजा निजामशहा दुसरा ह्या नावाने परंड्यास गादीवर बसविले, आपली मुलगी त्यास दिली आणि पेशवाई आपल्याकडे घेतली. ‘पेशवा’ हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाचे मन पुण्याच्या शनिवारवाड्याकडे धावते. परंतु शब्द निजामशाहीचा आहे, आणि गादी एकीकडे व सत्ता दुसरीकडे ही जी व्यवस्था अठराव्या शतकात सातारा व पुणे ह्यांच्यामध्ये आपण पाहतो, तिचा एक नमुना परंड्यास शंभर-दीडशे वर्षे आधी दिसतो.

पहिली काही वर्षे कठीण गेली. राजू दख्खनी नावाचा दुसरा एक सरदार दौलताबादच्या बाजूस मुलूख बळकावून बसला होता. तोही निजामशहाचेच नाव घेई. म्हणजे एका राजाचे दोन रक्षक, आणि ते एकमेकांचे वैरी. १६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानान अब्दुर्रहीम ह्याचा पुत्र इरज ह्याने अंबराचा पराभव केला. अंबर जखमी होऊन घोड्यावरून पडला. त्याच्या माणसांनी त्यास उचलून नेले म्हणून वाचला. त्यानंतर त्याने जे केले त्यात त्याचा पुढचा सारा स्वभाव दिसतो. त्याने खानखानानाशी तह केला, मोगलांकडून उसंत मिळविली, आणि त्या उसंतीत राजूस गाठून त्याचा बंदोबस्त केला. हे प्रकरण १६०७ च्या सुमारास संपले. राजधानी परंड्याहून जुन्नरास व तेथून दौलताबादेस गेली. १६१० मध्ये खुद्द अहमदनगरचा किल्लाही त्याने मोगलांपासून परत घेतला.

ह्याच १६१० सालातील एक गोष्ट टाळता येण्यासारखी नाही. मलिक अंबराचे स्तुतिपाठक ती टाळतात, म्हणून आम्ही ती येथे मुद्दाम सांगतो. पीटर व्हान डेन ब्रूके नावाचा एक डच व्यापारी १६१७ मध्ये अंबराच्या छावणीत आला होता. त्याने लिहून ठेवलेली हकीकत अशी : मुर्तजाची वडील राणी इराणी होती. तिने अंबराच्या मुलीस सवतीमत्सराने गुलामाची पोर म्हणून हिणविले आणि बापाविषयीही अपशब्द काढले. मुलीने ते बापास कळविले. अंबराने राणीस व राजासही विष घालविले, आणि मुर्तजाच्या पाच वर्षांच्या मुलास बुऱ्हाण निजामशहा म्हणून गादीवर बसविले. आपल्या धन्याचा चंगीझखानाचा जीव राजाच्या संशयाने घेतलेला ज्याने तरुणपणी पाहिला, त्याने साठी उलटल्यावर राजाचा जीव घेतला. एका अपशब्दाने राज्य उलथावे हे काहींस अतिशयोक्तीचे वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. राजा वयात आला होता, अंबराच्या सत्तेस कंटाळला होता व दरबारात त्याच्याविरुद्ध पक्ष उभा राहत होता. राणीच्या तोंडचा शब्द हा त्या पक्षाचा शब्द होता. तथापि राजकारणाची ही मीमांसा मान्य करूनही खून तो खूनच; त्यावर राज्यरक्षणाची शाल पांघरण्याचे कारण नाही.

येथे एक प्रश्न सहज उत्पन्न होतो. इतके केल्यावर हा पुरुष स्वतःच गादीवर का बसला नाही? गुलामांनी राज्यपद घेतल्याची उदाहरणे काही थोडी नव्हती. दिल्लीस कुतुबुद्दीन, अल्तमश, बल्बन हे सारे गुलामच. मिसर देशात मामलुकांनी अडीचशे वर्षांवर राज्य केले. आणि बंगाल्यात तर १४८७ नंतर काही वर्षे हबशीच सुलतान होते. युरोपातही फ्रँक लोकांच्या राज्यात राजवाड्याचे कारभारी पिढ्यान्‌पिढ्या राजांस बाहुल्यांसारखे बसवीत-उठवीत, व शेवटी ७५१ मध्ये पेपिनने पोपची संमती घेऊन मुकुट आपल्या डोक्यावर ठेविला. अंबरास ही संमती देणारे दक्षिणेत कोणी नव्हते. विजापूर व गोवळकोंडा येथील सुलतान त्यास मदत करीत ती निजामशाही जगावी म्हणून. एका हबशी शिपायाचे नवे घराणे व्हावे म्हणून नव्हे. आणि दुसरे कारण आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते. मुलुखातील देशमुख, देशपांडे, पाटील ह्यांची वतने व सरदारांचे मोकासे निजामशाही सनदांवर उभे होते. गादी बुडाली की कागद बुडाला. ज्या मराठा वतनदारांच्या जिवावर अंबराची लढाई चालली होती, त्यांस एकत्र ठेवणारा दोरा त्या नामधारी पोराच्या शिक्क्यातच होता. अंबराने राजा मारला, पण गादी मारली नाही. कारण तीच त्याचे खरे भांडवल होती.

आता त्याच्या युद्धपद्धतीकडे वळू. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० च्या सुमारास लिहितो की, अंबराजवळ त्याच्याच जातीचे दहा हजार शिपाई आणि चाळीस हजार दक्षिणी लोक आहेत. हे चाळीस हजार म्हणजे मुख्यतः मराठे. भोसले, जाधव आदि घराणी ह्या काळात पुढे येतात. मोगल सैन्य म्हणजे एक चालते शहर : तोफा, हत्ती, तंबू, बाजार, जनानखाना. मराठा स्वाराजवळ तट्टू, भाला आणि खोगिराखाली बांधलेली भाकर. मोगल लेखक ह्यांस ‘बर्गी’ म्हणत. समोरासमोर लढाई द्यावयाची नाही. रसद तोडावयाची, वैरण जाळावयाची, रात्री छावणीवर बाण सोडावयाचे, पिछाडीस लचके घ्यावयाचे, आणि शत्रू वळला की डोंगरात नाहीसे व्हावयाचे, ही त्यांची रीत. १६११ मध्ये जहांगीराने दोन बाजूंनी चेप देण्याचा बेत केला. गुजराथेतून नाशिकच्या वाटेने अब्दुल्लाखान यावा आणि वऱ्हाडातून खानजहान लोदी व मानसिंग ह्यांनी उतरावे, असे ठरले होते. अब्दुल्लाखान दुसऱ्या फौजेची वाट न पाहता एकटाच दौलताबादेपर्यंत आला. बर्ग्यांनी त्याच्या छावणीस दिवसा-रात्री इतके सतावले की त्यास लढाई न करताच परतावे लागले, आणि परतीच्या वाटेवरच त्याची खरी नासाडी झाली.

हे वर्णन मराठी माणूस अभिमानाने वाचतो, आम्हीही वाचतो. परंतु ‘वैरण जाळावयाची’ ह्या दोन शब्दांवर थोडे थांबावे. वैरण कोणाची? शत्रूच्या वाटेवरची उभी ज्वारी, गंजीतला कडबा, पेवातले धान्य, हे काही निजामशहाचे नव्हते. परंडा ते दौलताबाद ह्या पट्ट्यातील कुणब्याचे ते वर्षाचे पोट होते. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी हा सारा टापू पर्जन्यछायेचा. सह्याद्रीने गाळून घेतल्यावर जो पाऊस उरतो तो येथे पडतो, आणि तोही भरवशाचा नाही. आजही ह्या तालुक्यांतील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन ऊसतोडीसाठी परमुलखात जातात. असल्या जमिनीत एक हंगाम जळाला म्हणजे काय होते हे सांगावयास इतिहासकार लागत नाही. फौज मोगलांची येवो की पेशव्याची, गावाने जंगल गाठावे, हाच शेतकऱ्याचा गनिमी कावा. पंचवीस वर्षे जो मुलूख लढला, त्याचा पराक्रम शाहिरांस दिसतो. त्याची उपासमार कोणी गात नाही.

मलिक अंबर हे जाणत होता, आणि येथेच तो निव्वळ सेनापती न राहता राज्यकर्ता ठरतो. ज्या मुलुखाची वैरण आपण जाळतो तो मुलूख पुन्हा पिकला नाही तर पुढच्या वर्षी लढण्यास भाकर नाही, हा हिशेब त्याने केला. त्यापूर्वी वसुलाची रीत बहुतांशी मक्त्याची होती. मक्तेदार सरकारात रक्कम भरी आणि रयतेकडून जमेल तितके काढी. अंबराने मक्ता मोडला. तोडरमल्लाच्या धोरणावर जमिनीची प्रत व काही वर्षांच्या पिकाची सरासरी पाहून धारा बसविला. आरंभी सरकारचा वाटा धान्याच्या रूपाने पाच हिश्शांपैकी दोन. पुढे तो रोकड रूपाने ठरविण्यात आला व उत्पन्नाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शावर आला. पीक बुडाले तर वसूलही कमी, ही त्यातील गोम. वसुलाचे काम ब्राह्मण कारकुनांकडे व त्यांवर देखरेख मुसलमान अंमलदारांची. गावच्या पाटलाचे वतन कायम करून त्यासच गावच्या वसुलाचा जबाबदार केले. मिराशी जमिनीवरील कुणब्याचा हक्क मान्य केला.

तिसरा हिस्सा म्हणजे काही हलका कर नव्हे. पण मक्तेदाराच्या लहरीपेक्षा ठरलेला तिसरा हिस्सा शेतकऱ्यास शतपट बरा. कारण त्यास निदान आपले काय उरणार हे पेरणीपूर्वी कळते. ग्रँट डफनेही आपल्या इतिहासात ह्या व्यवस्थेची वाखाणणी केली आहे. हा धारा लोकांच्या मनात इतका रुजला की, मराठी कागदपत्रांत पुढे दीर्घकाळ ‘मलिकंबरी’ हा शब्द प्रमाण म्हणून येत राहतो. एखाद्या वतनाचा तंटा उपस्थित झाला की, मलिकंबरी कारकीर्दीत हे कसे चालत होते, असा दाखला मागत. पुणे जहागिरीची जी व्यवस्था पुढे दादोजी कोंडदेवाने लाविली, तिलाही हाच धडा होता. आमच्या मते अंबराच्या सर्व विजयांपेक्षा हा एक शब्द मोठा आहे. लढाईत शत्रूकडून मान मिळविणे सोपे. पाटील-कुलकर्ण्यांच्या भांडणात मेल्यानंतर शंभर वर्षे साक्षीस बोलावले जाणे फार कठीण.

खडकी हे त्याचे शहर. दौलताबादेपासून जवळ, खाम नदीच्या काठी एका खेड्याच्या जागी त्याने ते वसविले. त्याच्या पुत्राने त्यास फत्तेनगर म्हटले, १६५३ मध्ये शाहजादा औरंगजेबाने औरंगाबाद म्हटले, आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. तेथील भडकल दरवाजा अंबराने १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून उभारला. डोंगरातील पाणी जमिनीखालून बांधीव नळाने आणून शहरभर खेळविण्याची जी योजना त्याने केली, ती नहर-इ-अंबरी ह्या नावाने प्रसिद्ध आहे. शहराने कितीतरी पिढ्या त्या पाण्यावर काढल्या. (पाणचक्कीही त्याचीच असे तेथे येणाऱ्या प्रवाशांस सांगितले जाते; ती अठराव्या शतकातील आहे.) हे शहर मोगलांनी दोनदा जाळले. १६१६ मध्ये लखुजी जाधवराव आदि काही मराठे सरदार फुटून मोगलांस मिळाले होते. त्यांच्या साहाय्याने शाहनवाझखानाने जालन्याच्या बाजूस रोशनगावी अंबराचा मोड केला व खडकीची राख केली. १६२१ मध्ये शाहजादा खुर्रमच्या फौजेने तेच पुन्हा केले. दोन्ही वेळा तह झाले, किल्ले व मुलूख दिले गेले. मोगल फौजेची पाठ वळताच अंबर पुन्हा उभा राहिला व खडकीही पुन्हा वसली.

रोशनगावच्या सुमारास जहांगीराने एक चित्र काढविले; अबुल हसन नावाच्या दरबारी चितारीचे ते आहे आणि हल्ली आयर्लंडमधील डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून, भाल्याच्या टोकावर लाविलेल्या अंबराच्या मुंडक्यावर बाण सोडीत आहे. प्रत्यक्षात त्या दोघांची गाठ कधीच पडली नाही, आणि ते मुंडके धडावरच राहिले. जे रणांगणात साधेना ते रंगांत साधून घेतले. बादशाही कलेचा नमुना म्हणून चित्र अत्युत्तम आहे. परंतु जगज्जेत्याच्या नावाने मिरविणाऱ्या राजास एका वृद्ध हबशाने किती सतावले होते, ह्याचे त्याहून स्पष्ट प्रमाणपत्र दुसरे मिळणार नाही.

भातवडीची लढाई ही त्याच्या आयुष्यातील शेवटची व सर्वांत मोठी. १६२४ मध्ये विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने मोगलांशी हातमिळवणी केली. जन्मभर ज्याच्या पाठिंब्यावर विसंबावे तोच उलटला. अंबराने गोवळकोंड्याशी सूत जुळवून विजापुरावर चाल केली. तेव्हा आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद बुऱ्हाणपुराहून मोगल सरदारांस बरोबर घेऊन त्याच्या पाठीवर आला. अंबर मागे हटत हटत अहमदनगरजवळ मेहेकरी नदीवरील भातवडीच्या तलावापाशी आला. त्याचे वय ह्या वेळी पाऊणशेच्या घरात होते. त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला, वर पाऊस, रसद बर्ग्यांनी तोडलेली. उपाशी व भिजलेल्या त्या सैन्यातून रोज माणसे फुटून येऊ लागली. मग त्याने हल्ला केला. मुल्ला महंमद ठार झाला, लष्करखान आदि मोगल सरदार कैद होऊन दौलताबादेस गेले. शहाजीराजे ह्या लढाईत अंबराच्या बाजूने लढले व त्यांचा धाकटा भाऊ शरीफजी तेथे पडला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त ह्या लढाईचे विस्तृत वर्णन आहे, आणि त्यात अंबराविषयी अनादराचा शब्द नाही; हे छत्रपतींच्या पदरच्या कवीचे काव्य आहे, हे ध्यानात ठेवावे.

ह्यापुढील गोष्टी भराभर घडल्या. अंबराने विजापूरजवळील नवरसपूर लुटले व १६२५ मध्ये सोलापूर घेतले. बापाविरुद्ध बंड करून परागंदा झालेला शाहजादा खुर्रम, ज्याच्या फौजेने चार वर्षांपूर्वी खडकी जाळली होती, तोच आता अंबराच्या आश्रयास आला, आणि अंबराने त्याच्यासाठी बुऱ्हाणपुरावर फौज पाठविली. परंतु भातवडीनंतर शहाजीराजे अंबरास सोडून विजापुरास गेले. विजयाच्या वाटणीत दुजाभाव झाला असावा. वृद्ध पेशव्याने पुष्कळांस वाढविले, पण आपल्या बरोबरीचा होऊ दिला नाही, हा त्याच्या कारभारातील मोठा दोष होय. मे १६२६ मध्ये तो वारला. बादशाही इतिहासकार मुतमदखान ह्याने त्याच्या मृत्यूची नोंद करताना, युद्धकला, शहाणपण आणि कारभार ह्यांत त्याच्या तोडीचा गुलाम झाला नाही व तो शेवटपर्यंत मानाने जगला, अशा अर्थाचे उद्गार काढले आहेत. खुलदाबादेस त्याची कबर आहे.

त्यानंतर दहा वर्षेच राज्य राहिले. पुत्र फत्तेखान ह्याने पेशवाई घेतली, पण बापाची पात्रता त्यात नव्हती. ज्या निजामशहास अंबराने पाच वर्षांचा असताना गादीवर बसविले त्याचा खून १६३२ मध्ये ह्याच फत्तेखानाने केला. दरम्यान, जुलै १६२९ मध्ये त्याच निजामशहाने लखुजी जाधवरावांस पुत्रांसह दौलताबादच्या दरबारात दग्याने मारिले, आणि मराठा सरदारांचा उरलासुरला विश्वास उडाला. १६३० चा भयंकर दुष्काळ ह्याच सुमाराचा. मलिकंबरी धाऱ्यात पीक बुडाल्यास सूट होती. पण सूट देणारा कोणी उरला नव्हता. जून १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. त्या वर्षी शहाजीराजांनी निजामशाही वंशातील एक लहान मूल शोधून काढले, त्यास पेमगिरीवर गादीवर बसविले, कारभार आपल्या हाती घेतला आणि तीन वर्षे मोगल व आदिलशाही ह्यांशी झुंज दिली. परंड्याचा जुना डाव त्यांनी घराघरासह पुन्हा मांडला होता. १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर तो मोडला, मूल मोगलांच्या हवाली झाले, आणि राजे विजापूरच्या चाकरीत कर्नाटकात गेले.

शिवाजी महाराज त्या वेळी सहा वर्षांचे होते. पुढे त्यांनी घोडदळाची चाल, रसद तोडण्याची रीत, गावच्या धाऱ्याची मांडणी, हे सर्व अंबराच्या शाळेतून आलेले धन वापरिले व वाढविले. परंतु कोणाही नामधारी मुलास मांडीवर घेऊन गादीवर बसविले नाही, आणि १६७४ मध्ये अभिषेक झाला तो त्यांचा स्वतःचाच.